पायाळू काकूंच्या तीन लाथा

गेल्या मंगळवारी सकाळी जाग आली तेव्हा माझी मान आखडलेली होती. आदल्या रात्री दोन तास हनुवटी छातीला टेकवून मोबाइल पाहिल्याचे कबूल करण्याची माझी तयारी नसल्यामुळे सगळे खापर उशीवर फुटले आणि आईने ती उशी गच्चीत उन्हात नेऊन ठेवली. दुखणे माझे आणि शेक उशीला, हा न्याय मी निमूटपणे सोसला, कारण मान हलवून नकार देणेही शक्य नव्हते.

जिन्यात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. मी सगळे धड वळवून नमस्कार केला, तेवढ्यावरून त्यांनी निदान केले.

"उसण भरली आहे तुला. थांब, मी पायाळू आहे."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्या माणसाची लाथ बसली की उसण उतरते, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होते. फक्त ते स्वतःच्या अंगाशी येईल असे वाटले नव्हते.

"काकू, उसण पाठीत भरते. माझी मान दुखते आहे."

"मग मान काय पाठीपासून उसवून ठेवली आहेस?"

हे बिनतोड होते. कवटीच्या तळापासून निघून, खांद्यांवर पसरून, शेवटच्या बरगडीच्या पातळीपर्यंत उतरणारा ट्रपीझियस हा एकच स्नायू आहे, आणि काकूंचे बरोबर निघाले याचाच मला अधिक राग आला.

"भिंतीकडे तोंड कर. आणि लाथ बसल्यावर मागे वळून पाहायचं नाही."

मला वळता येत असते तर हा प्रसंगच ओढवला नसता, हे मी भिंतीला सांगितले. काकूंनी चप्पल काढली, साडीचा ओचा सावरला, कठड्याला धरले आणि पहिली लाथ घातली. ती कमरेत बसली; त्यांचा पाय त्याहून वर जात नव्हता. दुसऱ्या लाथेच्या वेळी पार्सलवाला मुलगा जिना चढून आला. त्याने हे दृश्य शांतपणे पाहिले आणि विचारले, "सर, ओटीपी सांगता का?" तिसरी लाथ आणि चार आकडे एकाच वेळी बाहेर पडले.

त्या पार्सलात चारशे रुपयांचा मानेचा पट्टा होता. पुढे तीन दिवस तो बांधून मी हिंडलो, आणि भेटेल त्याने उपाय सांगितला: लाटणे फिरव, तिळाचे तेल चोळ, न्हाव्याकडून मान कडकन मोडून घे. शुक्रवारी डाव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या आल्या, तेव्हा मात्र घाबरून डॉक्टर गाठले.

त्या बाईंनी उपाय सांगण्याआधी प्रश्न विचारले. जिना चढताना हात दुखून छातीत जडपणा येतो का, घाम फुटतो का, कारण डावा हात हृदयाच्या विकारातही दुखतो. वस्तू हातातून निसटतात का, शर्टाची बटणे लावणे जड जाते का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, कुठे पडलात का, ताप आहे का, वजन आपोआप घटले का. यांपैकी एकाचेही उत्तर हो असते, तर थांबणे धोक्याचे होते. मला मधुमेह आहे हे कळताच त्यांनी हात वर आणि बाहेर फिरवून पाहिला, कारण मधुमेह्यांचा खांदा अधिक वेळा गोठतो. मुंग्या मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसेच्या होत्या. न्हाव्याचे नाव काढताच त्या कडाडल्या. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांतूनच जाते आणि अशा झटक्याने ती क्वचित फाटून पक्षाघात होऊ शकतो.

एक्स-रे त्यांनी काढलाच नाही. माझ्या पंचावन्न वर्षांच्या मणक्यांची झीज त्यात दिसणारच, पण ती मान न दुखणाऱ्यांतही दिसते, असे त्या म्हणाल्या, आणि माझे दुखणे इतके सामान्य निघाल्याचा मला किंचित अपमान वाटला. पट्टा सोडा, मान हळूहळू हलवत राहा, शेक घ्या, काही आठवड्यांत उतरेल. हातातली ताकद कमी झाली तर मात्र त्याच दिवशी या.

चार दिवसांत मला निदान आठ जणांनी उपचार सांगितले आणि एकानेही बोटांना मुंग्या येतात का हे विचारले नव्हते, यात काकूही आल्या आणि तो पट्टा विकणाराही आला. पट्टा परत घेत नाहीत.

आता मान बरीच वळते. काल सोसायटीच्या ग्रुपवर काकूंनी लिहिले की दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा दोन लाथांत मोकळा झाला. मी तीन खाल्ल्या होत्या. पार्सलवाला साक्षीला आहे.