मागणी आली नाही म्हणजे गरज नाही, असं नसतं

‘समाजशास्त्रीय पाहणीत लोकांनी जे मागितलं नाही, त्याची त्या वस्तीला गरजच नसते,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. हे चूक आहे. त्यावर विसंबून निर्णय झाले तर फटका सगळ्यांत गप्प माणसांना बसेल, म्हणून हा खुलासा.

ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्येच सामाजिक गरजेचे चार प्रकार मांडले: तज्ज्ञांनी निकष लावून ठरवलेली, लोकांना स्वतःला जाणवणारी, मागणीतून व्यक्त झालेली आणि तशाच दुसऱ्या वस्तीशी तुलना केल्यावर उघड होणारी. संदेशात यातली फक्त तिसरी धरली आहे.

मागणी का येत नाही, हे दारात उभं राहिलं की कळतं. घरातला कर्ता पुरुष ‘रस्ता हवा’ म्हणून मोकळा होतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून आत असते. तिला विचारलं तरी ती ‘काही नको’ म्हणते, कारण घरी येऊन मदत करणारी सेवा असू शकते हेच तिला ठाऊक नसतं. ‘काय हवं?’ ऐवजी ‘कालचा दिवस कसा गेला?’ असं विचारून बघा. ती बोलायला लागते. म्हणूनच चांगल्या पाहणीत प्रश्नावलीच्या जोडीला सविस्तर मुलाखती आणि निरीक्षणही असतं.

लोकांना डावलून योजना लादू नये, हे मात्र खरंच. पण अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या, निर्णयात लोकांचा वाटा किती हे दाखवणाऱ्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत नुसतं मत विचारणं खालून चौथ्याच पायरीवर आहे.