मजुरी गोधऱ्यात, खोकला झाबुआत

शेजारी राज्यांनी रोजगार आणि आरोग्याचं नियोजन मिळून करावं, हे लेखातलं म्हणणं आम्हा बडोदेकरांना पटायला वेळ लागत नाही. इथल्या सयाजी रुग्णालयाच्या रांगेत मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरची भिली बोली कानावर पडतेच. पण लेखात सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या आजाराचा, उल्लेखही नाही, हे खटकलं. तिकडचे आदिवासी गोधऱ्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत राबले, फुप्फुसात धूळ घेऊन गावी परतले आणि दगावले. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने बजावलं, तेव्हा कुठे २३८ मृतांच्या वारसांना गुजरातने प्रत्येकी ३ लाख द्यायचे ठरले. जे खोकत जगले, त्यांचं पुनर्वसन मध्य प्रदेशच्या गळ्यात! कामावर घेतानाच छातीचा एक्स-रे काढा आणि तो कागद दोन्ही राज्यांत चालू द्या. रोजगार मेळावे नंतर भरवा.