शंभर एमबीपीएसचे वाटेकरी

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत, दीड हात जाड. ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्या डोक्यात चोर होते, पाऊस होता, भावकी होती, वायफाय नव्हतं. त्यामुळे आज हॉलमधला राउटर बोंबलत असतो आणि मधल्या खोलीत त्याचा आवाज पोचत नाही.

या राउटरची जबाबदारी माझ्याकडे कशी आली, तर लग्नाच्या वेळी माझ्या माहितीपत्रकात ‘बीकॉम, एमएससीआयटी’ असं लिहिलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, त्यातलं बीकॉम सोडून दिलं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं, “सूनबाई कॉम्प्युटरवाल्या आहेत.” तेव्हापासून नेट चालतं ते कंपनीमुळे आणि बंद पडतं ते माझ्यामुळे.

सुरुवातीचे दिवस तर विचारूच नका. सरकारने २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायला परवानगी दिली होती आणि आम्ही त्याच वेगाला ब्रॉडबँड समजून घरात दोन कॉम्प्युटर बसवले होते. एक यांचा हॉलमध्ये, एक भाऊजींचा माडीवर. मॉडेमपासून माडीपर्यंत निळी केबल स्वयंपाकघरातून नेलेली. पहिल्याच आठवड्यात आईंनी तिच्यावर ओली फडकी वाळत घातली. “आयती दोरी बांधलीय, मग वापरायची नाही का?” त्या वजनाने टोकाचा क्लिप निघायचा आणि भाऊजी वरून ओरडायचे, “वहिनी, गेलं!” मग मी केबलच्या टोकाला नवा क्लिप दाबून बसवायचा क्रिंपिंगचा चिमटा घेऊन बसायचे आणि आतल्या आठ तारा ओळीने लावायचे: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हा क्रम मला मनाच्या श्लोकांपेक्षा पक्का पाठ आहे.

त्यात प्लॅन असा, की रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. दोघे भाऊ दोनचा गजर लावून उठायचे, अंधारात चाचपडत आपापली डाउनलोड सुरू करायचे आणि जिन्यात एकमेकांवर आपटायचे. एकदा अप्पा काठी घेऊनच बाहेर आले.

आता फायबर आलंय. जोडणी करायला आलेल्या मुलाने खिडकीतून वायर आत घेतली, ती जिथवर पुरली तिथे राउटरचा डबा ठेवला आणि निघून गेला. ती जागा म्हणजे नेमका गणपतीचा कोनाडा. आईंना उघडा डबा बघवेना, म्हणून त्यांनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मी तो काढते, त्या घालतात. डबा तापून बंद पडला की म्हणतात, “बघ, दृष्ट लागली.” दसऱ्याला विळी, कात्री आणि भाऊजींच्या स्क्रूड्रायव्हरबरोबर राउटरचीही पूजा होते. हळदकुंकू ठीक आहे, पण झेंडूचं फूल नेमकं हवा जायच्या भोकांवर.

पासवर्ड अप्पांनी ठेवला. कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. मी म्हटलं, “अप्पा, हा कोणीही ओळखेल.” ते म्हणाले, “कोणीही कसा ओळखेल? आपलं कुलदैवत पालीचा खंडोबा आहे हे फक्त भावकीला ठाऊक.” यावर काय बोलणार! पाहुणे हल्ली उंबरा ओलांडताच पाण्याऐवजी पासवर्ड मागतात, तेव्हा निदान स्पेलिंग सांगावं लागत नाही एवढंच.

तर प्लॅन शंभर एमबीपीएसचा. ओंकारने पहिल्याच दिवशी तक्रार केली, “आई, शंभरचे पैसे भरतो आणि गेम तर बाराने डाउनलोड होतोय!” त्याला समजावलं, की कंपनी मोजते मेगाबिटमध्ये आणि तुझा कॉम्प्युटर दाखवतो मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भाग, साडेबारा येतात. तो म्हणाला, “म्हणजे फसवलंच ना?” वाण्याच्या तराजूवर वाढलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

एका संध्याकाळी मी वहीत हिशेब मांडला. अप्पांचं कीर्तन माडीवरच्या टॅबवर, धरा पाच. टीव्हीवर आईंची मालिका, आणखी पाच. यांची ऑफिसची मीटिंग, तीन-चार. भाऊजींच्या कॉम्प्युटरचं न विचारता चाललेलं अपडेट, दहा समजा. ओंकारचा गेम तर खेळताना एकाच्याही आत भागवतो; त्याला वेग नको, उत्तर लगेच हवं. बेरीज तिसापर्यंतही जाईना. मग शंभर असताना सगळे एकमेकांच्या नावाने शंख का करतात?

उत्तर हवेत होतं. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. जे यंत्र लांब आहे, ते सावकाश बोलतं. म्हणजे लग्नाच्या बैठकीत एखादे थकलेले मामा हुंड्याविरुद्धचे आपले विचार मांडायला लागतात आणि याद्या करायला आलेले सगळे ताटकळत बसतात, तसं. आमचे मामा म्हणजे दगडी भिंतीपलीकडचा, माडीच्या टोकाचा अप्पांचा जुनाट टॅब. तो एकेक शब्द चावून बोलायचा आणि खाली यांचा चेहरा मीटिंगमध्ये तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठायचा.

यांच्या गोठण्याला दुसरंही एक कारण सापडलं. अकराच्या सुमाराला आई अप्पांचा चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात, आणि त्या जुन्या ओव्हनच्या दाराची फट थोडी उदार आहे. हे मी जेवताना सांगितलं. आई म्हणाल्या, “माझ्या चहाने याची नोकरी जाणार असेल तर ती नोकरीच कच्ची आहे.” मी यांचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि विषय संपवला. तो सिग्नल भिंतींना जास्तच घाबरतो, म्हणून यांना मीटिंगसाठी गणपतीसमोर बसावं लागतं. मागे समई दिसते. साहेबांना वाटतं, फार धार्मिक माणूस आहे.

दिवा लाल झाला की कंपनीला फोन. तिकडून ठरलेलं विचारतात, “मॅडम, राउटर बंद करून चालू केला का?” केला म्हटलं तरी परत करायला लावतात. मग ते ब्रह्मवाक्य येतं: “मागूनच डाऊन आहे.” हे ‘मागे’ नक्की कुठे आहे ते साताऱ्यात कोणी पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा रस्ता खोदणाऱ्यांना ठाऊक असतं.

शेवटी मी सुताराला बोलावून भिंतीला भोक पाडलं, माडीपर्यंत परत केबल ओढली आणि वर दुसरा राउटर बसवला. यांचा आणि भाऊजींचा कॉम्प्युटरही थेट वायरीवर घेतला. अप्पा म्हणाले, “वायरलेस म्हणता आणि घरभर वायरीच वायरी.” पण कीर्तन अडकेना, म्हणून पुढे बोलले नाहीत.

सगळं सुरळीत झाल्यावर सहज राउटरच्या सेटिंगच्या पानात शिरले. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा इंटरनेटवरचा एकच, जुन्या पद्धतीचा आकडी पत्ता दिसतो. तसे पत्ते जगात मिळून जेमतेम ४२९ कोटी आणि माणसं ८०० कोटींच्या वर, म्हणून काटकसर. आत मात्र राउटर प्रत्येकाला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी आकडा देतो आणि कोणी काय मागवलं त्याची नोंद ठेवून ज्याचं त्याला पोचवतो. तलाठ्याला तीन पिढ्यांत जमली नाही अशी चोख वाटणी. त्या यादीवर मी बोट फिरवत गेले. हा अप्पांचा टॅब, हा टीव्ही, हा ओंकार, हे भाऊजी... आणि एक फोन कोणाचाच नाही. घरात सगळ्यांना विचारलं, कोणी कबूल होईना. मी तो बंद करून टाकला.

थोड्याच वेळात सामाईक भिंतीपलीकडच्या, भावकीतल्या शालनकाकू दारात हजर. “अगं सूनबाई, तुमचं नेट गेलंय का? आमचं पण गेलंय.”

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “चालू कर गं त्यांचं. मालिका सुरू व्हायची वेळ झालीय.”