मिली काय, मायक्रो काय, सगळं एकच?

"थायरॉईडची शंभर मिलिग्रॅमची गोळी द्या!" सात रस्त्यावर असो की जुळे सोलापुरात, मेडिकलसमोर हे कानावर पडतं आणि माझं डोकं सणकतं. अहो, शंभर मायक्रोग्रॅम! हजारपट फरक आहे! सराफाकडे मिलिग्रॅमवरून भांडणारी माणसं औषधाला एवढी बेफिकीर कशी?

रिपोर्ट हातात आला की तोच गोंधळ. बी-12 पिकोग्रॅममध्ये, डी जीवनसत्त्व नॅनोग्रॅममध्ये. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून "बी-12 किती जास्त आहे बघा" म्हणतात! एक नॅनो म्हणजे हजार पिको, हे कुणी सांगायचं? हवेतले पीएम 2.5 कण मायक्रोमीटरचे, तेही लोक बिनदिक्कत मिलिमीटर करून टाकतात. अडीच मिलिमीटरचा कण म्हणजे खडाच की ओ!

आणि ती चिठ्ठी! घाईत लिहिलेलं मायक्रोचं चिन्ह म्यू (µ) एमसारखं दिसतं, मायक्रोचं मिली होतं. पूर्ण शब्द लिहायला किती वेळ लागतो? शाळेत तरी मायक्रो, नॅनो, पिको म्हणजे दहाचा वजा सहावा, वजा नववा, वजा बारावा घात, एवढं पाठ करून घेण्यापलीकडे कोण समजावतं?

नॅनो, पिको 1960 सालीच अधिकृत झाले. 2022 मध्ये दहाच्या वजा तिसाव्या घातासाठी क्वेक्टोसुद्धा आला. आपण अजून मिलीतच अडकलोय! गोळीच्या पाकिटावर एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम, छापलेलं असतं, ते तरी वाचा!