कारण आणि परिणाम यांची अदलाबदल: गर्भवतीतील एचआयव्ही आणि योनिमार्गातील जीवाणूंविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

गर्भवती स्त्रिया आणि एचआयव्ही यांविषयीचा एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एचआयव्हीची लागण झाली की योनिमार्गातील चांगले जीवाणू मरून जातात, त्यामुळे अशा स्त्रीची प्रसूती योनिमार्गातून झाली तर बाळाला लागण होणारच, ती टाळायची तर योनिमार्ग जंतुनाशकाने धुवावा आणि प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जीवाणू असलेल्या, कॅप्सूल घ्याव्यात, आणि एआरटीच्या, म्हणजे विषाणुरोधी उपचाराच्या गोळ्या टाळाव्यात, कारण उरलेसुरले जीवाणू त्याच मारतात. या मजकुरातील बरेच शब्द खऱ्या संशोधनातून उचललेले आहेत. म्हणून तो सरसकट फेटाळण्यापेक्षा एकेक विधान तपासणे मला योग्य वाटते.

पहिले विधान, एचआयव्हीमुळे जीवाणू मरतात. एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या प्रतिकारसंस्थेतील सीडी४ पेशींमध्ये शिरतो. जीवाणूंमध्ये तो शिरत नाही आणि त्यांना थेट मारतही नाही. मजकुरातील 'चांगले जीवाणू' म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे लॅक्टोबॅसिलस गटातील जीवाणू. योनिमार्गात ते टिकतात ते तेथील पेशींमध्ये साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या आधारावर. हा साठा इस्ट्रोजेनमुळे वाढतो, आणि गर्भारपणात इस्ट्रोजेनचे प्रमाण पुष्कळ वाढत असल्यामुळे या काळात अनेक स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व अधिक पक्के व अधिक स्थिर होते. प्रसूतीनंतर ते झपाट्याने घटते. लागण झालेल्या आणि न झालेल्या गर्भवतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत: काहींमध्ये लागण झालेल्या स्त्रियांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जीवाणूंची सरमिसळ जास्त दिसते, तर काहींमध्ये फरक नगण्य आढळतो. ज्यांत फरक दिसतो त्यांतही तो विषाणूमुळे आहे, प्रतिकारशक्ती घटल्यामुळे आहे, आधी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे आहे की मुळात लागण होण्यापूर्वीपासूनच होता, हे वेगळे करणे अवघड असते.

हा शेवटचा पर्याय महत्त्वाचा आहे, कारण भक्कम पुरावा नेमका त्याच बाजूचा आहे. मजकुराने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मलावीतील अभ्यासात, गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर ज्या स्त्रियांच्या योनिमार्गातील जीवाणूंचा समतोल बिघडलेला होता, त्यांना पुढे एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण अधिक आढळले. २००८ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात बॅक्टेरियल व्हजायनोसिस (थोडक्यात बीव्ही, म्हणजे लॅक्टोबॅसिलस घटून इतर जीवाणू माजण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांमध्ये लागणीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाला. दक्षिण आफ्रिकेतील तरुणींच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस फारसे नव्हते आणि इतर जीवाणूंची दाटी होती, त्यांना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसचे वर्चस्व असलेल्या तरुणींच्या तुलनेत चौपटीहून अधिक धोका दिसला. याची यंत्रणाही बरीचशी समजली आहे: लॅक्टिक आम्ल कमी झाले की योनिमार्गाची आम्लता घटते, प्रीव्होटेलासारखे जीवाणू दाह वाढवतात, श्लेष्माचा थर पातळ होतो आणि दाहामुळे अस्तराकडे सीडी४ पेशी गोळा होतात, म्हणजे विषाणूला ज्या पेशी हव्या असतात त्याच दाराशी येऊन थांबतात.

येथे 'चांगले जीवाणू' या शब्दांविषयी थोडे बोलायला हवे. आतड्याच्या बाबतीत जीवाणूंची विविधता हे आरोग्याचे लक्षण मानले जाते. योनिमार्गात बहुधा याच्या उलट असते, एकाच जातीचे राज्य असलेले बरे. पण लॅक्टोबॅसिलस म्हटले की सगळे सारखे असेही नाही. क्रिस्पेटस भरवशाचा, इनर्स ही जात मात्र लॅक्टिक आम्लाचा अधिक संरक्षक मानला जाणारा 'डी' प्रकार तयारच करत नाही आणि सहज मागे हटतो. शिवाय २०११ साली उत्तर अमेरिकेतील ३९६ स्त्रियांच्या पाहणीत, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे चतुर्थांश जणींच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व नव्हते. म्हणजे अहवालात वेगळे जीवाणू दिसले म्हणून स्त्री आजारी ठरत नाही, आणि तिला एचआयव्ही आहे असा संशय घेणे तर निव्वळ अन्याय आहे.

दुसरे विधान सर्वांत जास्त भीती पसरवणारे आहे: योनिमार्गातून प्रसूती म्हणजे बाळाला लागण. कोणताही उपचार नसताना, स्तनपानाचा काळ धरूनही, आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते; म्हणजे उपचाराविनासुद्धा 'होणारच' हा शब्द चुकीचा आहे. उपचाराने काय होते हे १९९४ पासून माहीत आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मानंतर सहा आठवडे बाळाला झिडोव्ह्युडीन या एकाच विषाणुरोधी औषधाचा उपचार दिल्याने लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. आजचे तीन औषधांचे उपचार त्याहून कितीतरी प्रभावी आहेत. फ्रान्समधील मोठ्या पाहणीत, गर्भधारणेपूर्वीपासून एआरटी घेणाऱ्या, गर्भारपणभर ती चालू ठेवणाऱ्या आणि प्रसूतीच्या वेळी रक्तातील विषाणूभार, म्हणजे विषाणूंचे प्रमाण, एका मिलिलिटरमागे ५० प्रतींहून कमी असलेल्या मातांच्या २,६५१ बाळांपैकी एकालाही लागण झाली नाही; ही बाळे स्तनपानावर नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. त्या मातांपैकी प्रत्येकीच्या योनिमार्गात क्रिस्पेटसच नांदत होता, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच सिझेरियन करायचे की नाही हे ठरवताना डॉक्टर मुख्यतः विषाणूभार पाहतात; तो दबलेला असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

मग या प्रवासात जीवाणूंचा काहीच वाटा नाही का? आहे. बीव्ही असताना योनिस्रावात विषाणू अधिक प्रमाणात आढळू शकतो. आफ्रिकेतील जोडप्यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लागण झालेल्या स्त्रीला बीव्ही असेल तर तिच्या जोडीदाराला लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला; परंतु त्या स्त्रियांवर एआरटी चालू नव्हती. उपचाराने रक्तातील विषाणूच दबला की जीवाणूंच्या वाट्याला उरणारा भाग फारच लहान होतो.

धुण्याचा सल्ला वाचून मला खरोखर आश्चर्य वाटले, कारण ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती असे नाही. तिची रीतसर परीक्षा झालेली आहे आणि ती त्या परीक्षेत उतरली नाही. मलावीतच १९९० च्या दशकात हजारो प्रसूतींच्या वेळी जन्ममार्ग क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसण्यात आला. बाळांमधील एचआयव्हीच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही. पाणमोट फुटून चार तासांहून अधिक काळ गेलेल्या गटातच काहीसा लाभ दिसला. नवजात बाळांमधील इतर जंतुसंसर्ग मात्र त्याने कमी झाले, म्हणजे पुसण्याचे काम नीट झाले होते, ते एचआयव्हीला पुरे पडले नाही. पुढे मलावी, टांझानिया आणि झांबियातील चाचणीत गर्भवतींना मेट्रोनिडॅझोल व एरिथ्रोमायसिन आणि प्रसूतीच्या वेळी आणखी प्रतिजैविके देऊन पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यानेही ना आईकडून बाळाकडे होणारी लागण घटली, ना मुदतपूर्व प्रसूती. हे सारे प्रशिक्षित हातांनी, मोजून-मापून केलेले होते. घरी स्वतःच्या हाताने योनिमार्ग आतून धुण्याने तर ज्यांना वाचवायचे म्हणतो तेच लॅक्टोबॅसिलस वाहून जातात, आणि अशा धुण्याचा बीव्हीशी संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. गर्भारपणात ते करूच नये.

प्रोबायोटिकविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बाजारातील बहुतेक कॅप्सूलमध्ये योनिमार्गात मूळ धरणाऱ्या जाती नसतात. योनिमार्गात ठेवायच्या क्रिस्पेटसच्या एका औषधाने २०२० सालच्या चाचणीत, मेट्रोनिडॅझोल जेलच्या उपचारानंतर बीव्ही उलटण्याचे प्रमाण बारा आठवड्यांत ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणले, ही खरोखर आशादायक गोष्ट आहे; पण ती चाचणी गर्भवतींवर नव्हती आणि तिने बाळाच्या एचआयव्हीविषयी काहीही सिद्ध केलेले नाही.

राहिले शेवटचे विधान, गोळ्याच जीवाणू मारतात. एआरटीची औषधे विषाणूच्या विकरांवर, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज किंवा प्रोटिएज यांवर काम करतात; ती प्रतिजैविके म्हणून दिली जात नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांना सोबत कोट्रायमोक्सॅझोल दिले जाते, ते मात्र प्रतिजैविक आहे. कदाचित दोहोंची गल्लत झाली असावी. किंवा गोंधळाचे मूळ २०१७ सालच्या एका गाजलेल्या निष्कर्षात असेल: लागण टाळण्यासाठी योनिमार्गात लावायचे टेनोफोव्हिर या विषाणुरोधी औषधाचे जेल लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व असलेल्या स्त्रियांमध्ये ६१ टक्के, तर इतरांमध्ये केवळ १८ टक्के परिणामकारक ठरले, कारण गार्डनेरेला हे जीवाणू ते औषध पचवून टाकतात. म्हणजे तेथे जीवाणू औषधाला संपवत होते, औषध जीवाणूंना नव्हे. शिवाय गोष्ट जेलची होती. लागण टाळण्यासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा परिणाम बीव्हीमुळे घटल्याचे त्याच वर्षी तपासूनही आढळले नाही. या विधानावर विश्वास ठेवून एखाद्या गर्भवतीने गोळ्या थांबवल्या, तर काही आठवड्यांतच विषाणूभार पुन्हा चढतो आणि वर सांगितलेले १५ ते ४५ टक्के तिच्या बाळाच्या वाट्याला परत येतात.

बीव्हीची लक्षणे, म्हणजे पातळ करडा स्राव आणि माशांसारखा वास, असतील तर गर्भारपणातही उपचार घ्यावा. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस दिल्या जातात आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रीसाठीही उपचार तोच असतो. लक्षणे नसलेल्या, कमी जोखमीच्या गर्भवतींना शोधून शोधून औषध देण्याने मात्र मुदतपूर्व प्रसूती टळत नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील मोठ्या चाचणीने दाखवले आहे.

मजकुराने जी स्त्री पूर्णपणे वगळली, ती म्हणजे पहिल्या तपासणीत एचआयव्ही नसलेली गर्भवती. जीवाणूंविषयीचा भक्कम पुरावा तिच्यासाठीच सर्वांत उपयोगाचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, प्रत्येक संबंधामागे लागण होण्याचा धोका गर्भारपणाच्या उत्तरार्धात सुमारे तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुमारे चौपट आढळला. नव्याने लागण झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत विषाणूभार अतिशय जास्त असतो, आणि पहिला अहवाल निगेटिव्ह असल्यामुळे तिच्यावर कोणतेही उपचार चालू नसतात. म्हणून जोखीम असेल तेथे तिसऱ्या तिमाहीत चाचणी पुन्हा करतात, जोडीदाराचीही करतात, आणि गरज असल्यास लागण टाळणाऱ्या टेनोफोव्हिरयुक्त गोळ्या गर्भारपणात व स्तनपानाच्या काळातही देतात.