बावन्नाव्या वर्षी फणी

माझा उजवा खांदा गेल्या मार्गशीर्षात जखडला. शेवटच्या गुरुवारी देव्हाऱ्यावरचा दिवा लावायला हात वर केला, तो अर्ध्यात अडकला आणि तिथेच राहिला. देवीला वाटलं असेल आशीर्वाद देतेय. फिजिओथेरपीवाल्या मुलीने बेडरूमच्या दारावर कप्पी अडकवायला सांगितली. कप्पीवरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी. डाव्या हाताने खाली ओढलं की उजवा वर जातो. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. लांबून बघणाऱ्याला बाई विहिरीचं पाणी शेंदतेय असं वाटतं, फक्त पाणी येत नाही. डोळ्यांतून येतं तेवढंच.

वीस मिनिटं नुसती दोरी ओढून वेड लागायची पाळी येते, म्हणून मी मोबाइलवर गाणी लावायचे. आधी भावगीतं लावली. पण त्या लयीत हात वर जायला इतका वेळ लागतो की मुखड्याला निघालेली कळ अंतऱ्यापर्यंत पुरते. मग एकदा इंग्रजी काहीतरी दणदणीत लावलं. ते संपल्यावर मोबाइलने स्वतःच्या मनाने पुढचं गाणं लावलं. (आमच्या घरात स्वतःच्या मनाने वागायची मुभा सध्या त्याला एकट्यालाच आहे.)

ड्रम सुरू झाला, त्याच्या मागून गिटार आली आणि मी दोरी ओढायची थांबले. मग त्या ठेक्यावर ओढायला लागले. त्या दिवशी माझा हात चक्क कानाच्या वर गेला. गाणं संपल्यावर मी विव्हळले, पण ते दुसऱ्याच कारणाने. आणखी हवं होतं.

चष्मा नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसते ठिपके दिसत होते. चष्मा लावला तर हातात गिटारी घेतलेल्या बायका! एकीचे केस पांढरेशुभ्र, मोकळे सोडलेले. आधी वाटलं सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात मध्ये आली. पण नाही, मघापासून ऐकू येणारा दणदणाट याच बायका करत होत्या. बँडचं नाव होतं ‘फॅनी वॉक्ड द अर्थ’.

पुढचे चार दिवस मी ऑफिसच्या कामात जेवढं लक्ष घालायला हवं त्याच्या दुपटीने या बायकांच्या चौकशीत घातलं. जून आणि जीन मिलिंग्टन या सख्ख्या बहिणी. आई फिलिपिनो, वडील अमेरिकी नौदलातले. जून 1948 साली मनिलात जन्मली, जीन वर्षभराने धाकटी. मनिलाच्या शाळेत जूनने एका मुलीला गिटार वाजवताना ऐकलं आणि तिला त्या वाद्याने झपाटलं. तिच्या तेराव्या वाढदिवसाला आईने तिला शिंपल्याची नक्षी जडवलेली गिटार दिली. माझ्या तेराव्या वाढदिवसाला मला कंपासपेटी मिळाली होती. माणसाची आयुष्यं कुठे वेगळी होतात ते असं कळतं.

1961 साली हे कुटुंब कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला गेलं. नव्या शाळेत यांच्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून या दोघी वाजवत राहिल्या. हायस्कूलच्या काळातच मुलींचा बँड केला, पुढे त्याचाच ‘फॅनी’ झाला. मोठ्या रेकॉर्ड कंपनीने 1970 साली त्यांची एलपी काढली. नुसत्या बायकांच्या रॉक बँडची मोठ्या कंपनीने काढलेली ही पहिली एलपी असं मानतात. पाच वर्षांत पाच एलपी झाल्या. 1975 साली त्यांचं एक गाणं अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत 29व्या क्रमांकापर्यंत चढलं, म्हणजे त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं, पण तोवर बँड मोडलेला होता. नैवेद्य दाखवून होईपर्यंत पंगत उठून गेली म्हणा ना. 1999 साली डेव्हिड बोवी या ब्रिटिश रॉक गायकाने एका मुलाखतीत या बायकांना जग पार विसरलं म्हणून हळहळ केली. ती मी 26 वर्षं उशिरा वाचली आणि त्याच्यात सामील झाले.

आणि 2018 साली या दोघी बहिणींनी, शाळकरी वयापासून आपल्याबरोबर ड्रम वाजवणाऱ्या ब्री डार्लिंगला घेऊन, नवा बँड काढला, तोच हा ‘फॅनी वॉक्ड द अर्थ’. सत्तरीत. मी नवा मिक्सर घ्यावा की नाही यावर ‘आता या वयात कशाला’ म्हणत तीन महिने काढले होते.

इथवर सगळं सुखाचं होतं. खरे हाल इथून पुढे सुरू झाले, कारण मला हे कुणाला तरी सांगायचं होतं.

सतराव्या वर्षी एखाद्या गाणाऱ्याच्या नादी लागणं सोपं असतं, कारण तेव्हा सगळी सोय असते. चित्र चिकटवायला भिंत असते, रात्री कानात कुजबुजायला मैत्रीण असते आणि टाळायला अभ्यास असतो. बावन्नाव्या वर्षी भिंतीवर कालनिर्णय आणि नवऱ्याच्या आजोबांचा फोटो असतो. मैत्रीण आईला दवाखान्यात घेऊन गेलेली असते. टाळायला काहीच नसतं, कारण टाळलेलं सगळं शेवटी आपल्यालाच करावं लागतं हे कळून चुकलेलं असतं.

नवऱ्याला ऐकवलं. आमच्या घरात आर. डी. गेले त्या दिवशी संगीत संपलं. त्यानंतरच्या कुठल्याही गाण्याला तो ‘हं’ म्हणतो. त्याने पूर्ण साडेतीन मिनिटं ऐकलं. चेहरा असा, की कुणीतरी त्याला मुरबाडच्या पुढे प्लॉट दाखवायला नेलंय आणि परतीची गाडी त्याच माणसाची आहे.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण हे कधी ऐकायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मग ‘दहावी ब 1989’ या आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी गाण्याची लिंक टाकली. वर लिहिलं, “नक्की ऐका, सत्तरीतल्या बायका आहेत!” पंधरा मिनिटं शांतता. मग एकीने हात जोडलेले पाठवले. तिला वाटलं कुणीतरी गेलं. दुसरीने “भावपूर्ण श्रद्धांजली” लिहिलं आणि त्याखाली पटापट अकरा जणांनी तेच लिहिलं. तिसरीने मला वेगळा फोन केला. “अगं, ही लिंक तूच टाकलीस ना? की तुझा मोबाइल कुणाच्या हाती लागलाय? परवाच माझ्या दिराचे चाळीस हजार असेच गेले.” मी म्हटलं, मीच टाकली. ती म्हणाली, “मग तुझ्या आवाजात तसं रेकॉर्ड करून पाठव, म्हणजे उघडते.” पाठवलं. तिने अजून उघडलेली नाही.

उरली मुलगी. ती बंगळुरूला असते, कानात सतत काहीतरी घालून. तिला फोनवर उत्साहाने सगळं सांगितलं. मनिला, शिंपल्याची गिटार, बोवी. ती ऐकून घेत होती, मग हळूच म्हणाली, “आई, बाबांशी काही झालंय का?”

“नाही गं!”

“मग ठीक. आणि ते नाव जरा हळू घेत जा. अमेरिकेत त्याचा अर्थ बसायची जागा. इंग्लंडमध्ये...” आणि इंग्लंडमध्ये काय तेही तिने सांगितलं. मी फोन घेऊन गॅलरीत गेले. शेजारच्या गॅलरीत काका तुळशीला पाणी घालत होते. मी तुळशीकडे पाहून नमस्कार केला.

आमच्या सासूबाईंना मात्र या नावाचा काही त्रास झाला नाही. त्यांचं वय 79, ऐकू कमी येत नाही, वेगळं येतं.

“कसली फणी?” त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं. “कुणाच्या डोक्यात उवा झाल्या?”

“फणी नाही हो आई, फॅनी. बँड आहे.”

“बँडला फणी नाव? बरंय. मग निघतच असेल सगळं एकेक करून.”

त्या दिवसापासून आमच्या घरी तो बँड फणी झाला. ‘तुझी फणी लाव आणि खांदा घे करून, कुकर लावायचाय,’ असं वेळापत्रक ठरलं. कामवाल्या मावशींनी एकदा माझ्यासाठी खरोखरच मेडिकलमधून फणी आणून दिली. पैसे घेतले नाहीत. माझ्यापासून दोन हात लांब उभं राहूनच दिली.

फेब्रुवारीत मान आखडली. एका गाण्याच्या मध्यावर ड्रम नुसता सुटतो, तिथे मी दोरी सोडून देऊन डोकं झटकलं. टीव्हीवर पाहिलं होतं, तशी पोरं झटकतात. तिसऱ्या झटक्याला मानेत कट्ट झालं आणि मी डावीकडे बघत राहिले. दुपारपर्यंत डावीकडेच बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?” मी सांगितलं, माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढताना. फेब्रुवारीत चकल्या? असं त्यांनी विचारलं नाही, पण पांढरा पट्टा गळ्यात अडकवताना त्यांच्या मनात तेच होतं. त्या पट्ट्यासकट मी महिनाभर लोकल केली. बायका उठून जागा द्यायच्या, एवढा एक फायदा झाला.

पट्ट्यात असतानाच एका रविवारी सासूबाई मटार सोलायला माझ्या खोलीत येऊन बसल्या. मी दोरीवर होते, गाणं चालू होतं. सासूबाई आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गेली 22 वर्षं पेटी वाजवतात. बाकीच्यांना जे संगीत म्हणून ऐकू येतं ते त्यांना कामगिरी म्हणून ऐकू येतं.

“खालून खर्ज कोण भरतंय?” त्यांनी अचानक विचारलं.

“ती बेस गिटार. धाकटी बहीण वाजवते.”

“चांगलं सांभाळते हो. थोरली पुढे पळते.” चार शेंगा झाल्या. “थोरली मध्येच सोडून गेली होती ना?”

मी दोरी सोडली. जून खरंच 1973 साली फॅनी सोडून गेली होती. “तुम्हाला कसं कळलं?”

“पळणाऱ्या सोडूनच जातात. आमची नाही का ती बी विंगमधली गेली? वेगळं मंडळ काढलं आणि तिथे झांजा धरायला माणूस नाही.” मग पट्टी कुठली, ते विचारलं. मला सांगता येईना. त्यांनी बोटांनी मांडीवर शोधून बघितली. “आम्हीपण आधी काळी पाचला म्हणायचो. आता पांढरी तीनवर उतरलोय. ह्या काही उतरलेल्या वाटत नाहीत.”

मग मी त्यांना सांगितलं की या नव्या बँडचा आल्बम बाहेर यायच्या सुमारास, त्याच 2018 साली, धाकटीला, जीनला, पक्षाघाताचा झटका आला. दौरे राहिलेच. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. त्या वयात या शब्दाला कुणी ‘अरेरे’ म्हणत नाही.

“मग बेस कोण वाजवतं?” त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

“नंतर एका कार्यक्रमात तिचा मुलगा उभा राहिला तिच्या जागी.”

“मुलगा?” असं म्हणून सासूबाईंनी दारातून हॉलमध्ये पाहिलं. तिथे त्यांचा मुलगा रविवारचा पेपर तोंडावर घेऊन सोफ्यावर पडला होता आणि पेपर एका लयीत वर-खाली होत होता. त्यांनी तिकडे जरा वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, माझ्या पट्ट्याकडे, दोरीकडे. तेव्हा मी काही समजले नाही.

आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी मंडळातल्या टाळवाल्या वहिनी लेकीच्या बाळंतपणाला ह्यूस्टनला गेल्या. “तू बसायचंस,” सासूबाईंनी सांगितलं. “खांद्यालाही व्यायाम.” मला टाळ येत नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, “दोरी ओढताना तुझा ठेका बघितलाय मी.” नाही म्हणायची संधी मी मटारच्या दिवसांतच घालवली होती.

सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही नऊ जणी. मला वगळून वयाची बेरीज साडेपाचशेच्या पुढे. डाव्या गुडघ्याखाली उशी घेतलेल्या तिघी, एकीच्या पाठीला खुर्ची. ढोलकीवर ए विंगच्या काकू, वय 68, मधुमेह, मनगटाला पट्टा. पहिला अभंग मी टाळांकडे बघत, श्वास धरून पार पाडला. दुसऱ्याला श्वास सोडला. तिसरी गौळण होती, तिथे काय झालं मला कळलं नाही. खांदा सुटला, हात आपोआप उठायला लागला, आणि डोक्यात गौळण सोडून भलताच ड्रम सुरू झाला. मी पळाले. ढोलकीवाल्या काकू माझ्याबरोबर निघाल्या. गाणाऱ्या मागे पडल्या, एकीने ‘कान्हा’तला ‘न्हा’ गिळला, खुर्चीवालीने तर कडवंच सोडलं आणि नुसत्या टाळ्या धरल्या. मागे बसलेली पोरं मोबाइलमधून मान वर करून बघायला लागली.

सासूबाईंनी पेटी न थांबवता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“ए फणी,” त्या म्हणाल्या, “8.14ची फास्ट पकडायचीय का?”

मी ओशाळून हात आवरला. ढोलकीवाल्या काकूंनी मात्र मनगटाचा पट्टा दातांनी ओढून सोडवला, तो सतरंजीवर टाकला आणि ठेका आणखी थोडा चढवला.