जेम्स विल्सन: कर्जात बुडालेला न्यायमूर्ती आणि सरकारनं बुडवलेलं देणं

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर, अशा दोन्हींवर सह्या केलेली माणसं अवघी सहा. त्यातला एक जेम्स विल्सन. या सहांपैकी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेला तो एकटाच. तरी त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, आणि तिकडेही वकील-प्राध्यापक सोडले तर फारसं कुणी घेत नाही. याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचा शेवट. १७९८ साली, न्यायमूर्तीपदावर असतानाच, तो सावकारांपासून तोंड लपवत मेला. त्या शेवटाच्या लाजेपायी त्याचा एक निकालही अडगळीत गेला, आणि ते मला फार खटकतं. सरकारनं एखाद्याचे पैसे बुडवले तर त्या माणसानं काय करायचं, हा प्रश्न त्या निकालात आहे.

आधी माणूस थोडा सांगतो. १७४२ साली स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्म. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकला, विशीत अमेरिकेला गेला, फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सनच्या हाताखाली वकिली शिकला. ब्रिटिश संसदेला वसाहतींवर हुकमत चालवण्याचा अधिकारच नाही, असं मांडणारी त्याची पुस्तिका १७७४ साली छापली गेली. पुढे काँटिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचा, सदस्य, स्वातंत्र्याच्या बाजूनं मत. पण लोकांच्या लाटेबरोबर वाहणारा तो नव्हता. ब्रिटिशांना सामील असल्याचे आरोप असलेल्यांचे खटले त्यानं कोर्टात लढवले. ऑक्टोबर १७७९ मध्ये चिडलेले सशस्त्र मिलिशियावाले, म्हणजे स्थानिक लोकसेनेतले लोक, फिलाडेल्फियातल्या त्याच्या घरावर चालून गेले. दोन्हीकडून गोळीबार झाला, माणसं मेली. त्या घराला लोक पुढे ‘फोर्ट विल्सन’ म्हणू लागले.

असा जमावाचा अनुभव घेतलेला माणूस लोकांना दूर ठेवणारी घटना मागेल, असं कुणालाही वाटेल. विल्सननं उलट केलं. १७८७ च्या घटना परिषदेत मोठमोठे लोक जनतेच्या हाती सत्ता द्यायला बिचकत होते, तेव्हा दोन्ही सभागृहं लोकांनी थेट निवडावीत आणि राष्ट्राध्यक्षही थेट लोकांनीच निवडावा, असं तो मांडत होता. पिरॅमिड उंच न्यायचा तर पाया रुंद हवा, हे त्याचं म्हणणं परिषदेतला सहकारी जेम्स मॅडिसन याच्या टिपणांत नोंदलेलं आहे. राज्यघटनेचा पहिला पूर्ण मसुदा करणाऱ्या पाचजणांच्या समितीतही तो होता.

पण हेही सांगायलाच हवं की प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश मोजावं, हा ठराव त्या परिषदेत मांडणारा विल्सनच. दक्षिणेकडच्या राज्यांना सोबत ठेवण्यासाठी केलेली तडजोड, असं त्याचं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. लोकांचं राज्य म्हणायचं आणि त्या लोकांतली लाखो माणसं मालकांची मतं फुगवायला वापरायची, हा डाग त्याच्या नावावरून पुसता येणार नाही.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होताच विल्सननं त्याला स्वतःहून पत्र लिहून सरन्यायाधीशपद मागितलं. ते जॉन जे याला मिळालं. विल्सन न्यायमूर्ती झाला. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्याची कायद्यावरची व्याख्यानं सुरू झाली. पहिल्या व्याख्यानाला खुद्द राष्ट्राध्यक्ष श्रोत्यांत होता. आणि १७९२ मध्ये, जखमी सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज तपासण्याचं काम काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, न्यायाधीशांवर टाकलं, न्यायाधीशांच्या निर्णयावर युद्धमंत्र्याचा शेरा चालेल अशी सोय केली, तेव्हा विल्सननं दोन सहकाऱ्यांसह ते काम नाकारलं. आयुष्याची कितीतरी वर्षं कायदेमंडळात घालवलेला माणूस न्यायासनावर बसल्यावर कायदेमंडळाला सांगतो की हे आमचं काम नाही, आणि आमच्या निर्णयावर तुमचा मंत्री बसू शकत नाही. मला यात त्याची खरी उंची दिसते.

आता तो निकाल. चिझम विरुद्ध जॉर्जिया, १८ फेब्रुवारी १७९३.

साउथ कॅरोलायनातला रॉबर्ट फार्कर नावाचा व्यापारी. स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, १७७७ मध्ये, त्यानं जॉर्जिया राज्याला माल पुरवला. पैसे त्याला मिळालेच नाहीत. राज्य म्हणे, आम्ही आमच्या अधिकाऱ्यांकडे रक्कम दिली होती, त्यांनी पोचवली नाही तर आमचा काय दोष! सरकारी खात्याकडून बिल यायची वाट पाहिलेल्या कुणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. वाट पाहता पाहता फार्कर मेला. त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम यानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जॉर्जियानं दाव्याला उत्तर दिलं नाही, कोर्टात पाऊलही टाकलं नाही. आम्ही सार्वभौम राज्य आहोत, आमच्या संमतीशिवाय आमच्यावर दावा लागूच शकत नाही, ही त्यांची भूमिका.

चार विरुद्ध एक मतांनी न्यायालयानं जॉर्जियाविरुद्ध निकाल दिला. विल्सनचं मत वाचताना मी पुन्हा पुन्हा एका जागी थांबतो. तो म्हणतो, राज्यही व्यापाऱ्यासारखाच करार करतं. अप्रामाणिक व्यापारी देणं बुडवतो तेव्हा त्याला कोर्टात उभं राहावं लागतं. मग अप्रामाणिक राज्यानं पैसे मागणाऱ्या धनकोसमोर एकदम रूप पालटून ‘मी सार्वभौम आहे’ म्हणायचं आणि त्याचा, न्यायाचा अपमान करायचा, हे चालू द्यायचं का? त्याचं उत्तर स्वच्छ: नाही. सार्वभौम असतील तर लोक आहेत. राज्य हे लोकांनी केलेलं साधन आहे, आणि साधनाला त्याच्या कर्त्यापेक्षा मोठा मान असू शकत नाही.

जॉर्जियाचा थयथयाट झाला. हा निकाल अमलात आणायला येणाऱ्या माणसाला फाशी द्यावी, असं विधेयक तिथल्या कनिष्ठ सभागृहानं मंजूर केलं. पुढे त्याचा कायदा झाला नाही, पण इतर राज्यंही घाबरली होती. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांवर युद्धकाळातली देणी होती. दोन वर्षांत, १७९५ मध्ये, अकरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली: दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला एखाद्या राज्यावर संघराज्याच्या न्यायालयात दावा लावता येणार नाही. देणं नाकारणाऱ्यांनी न्यायालयाचं दारच बंद केलं. मला ती दुरुस्ती आजही चूक वाटते.

इथे आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतात सरकारवर दावा लावता येतो; घटनेच्या कलम ३०० मध्ये ते आहे. पण त्याचं मूळ ईस्ट इंडिया कंपनीत आहे. कंपनी व्यापारी होती म्हणून तिच्यावर दावा लागायचा, आणि १८५८ मध्ये राणीचं राज्य आलं तेव्हा ती जबाबदारी नव्या सरकारकडे तशीच आली. विल्सन जे तत्त्व म्हणून सांगत होता, की राज्यालाही व्यापाऱ्यासारखं कोर्टात उभं करा, ते आपल्याला खऱ्याखुऱ्या व्यापाऱ्यांच्या राजवटीमुळे मिळालं. कलम ३०० वरचे आपले वाद अजून मिटलेले नाहीत, पण तो वेगळा विषय.

विल्सनकडे परत येतो. न्यायमूर्ती असतानाच तो जमिनींच्या सट्ट्यात गळ्यापर्यंत बुडत होता. पश्चिमेकडच्या लाखो एकरांवर उधारीच्या पैशानं हक्क घ्यायचे, भाव वाढले की विकायचे, असा तो खेळ. १७९६-९७ ची मंदी आली आणि सगळं कोसळलं. न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनमध्ये त्याला कर्जापायी अटक झाली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती तुरुंगात! तिथून सुटल्यावर तो दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनला गेला. तिथे पुन्हा अटक, या वेळी पिअर्स बटलरच्या तब्बल १,९७,००० डॉलरच्या कर्जासाठी. हा बटलर म्हणजे घटना परिषदेतला त्याचा सहकारी. न्यायमूर्तीचा वर्षाचा पगार तेव्हा ३,५०० डॉलर होता.

ईडन्टन हे जेम्स आयरडेलचं गाव. चिझम खटल्यात विल्सनविरुद्ध एकट्यानं मत देणारा न्यायमूर्ती तो हाच. त्याच्या गावात, एका खानावळीत, हिवतापानं खंगलेला विल्सन २१ ऑगस्ट १७९८ ला गेला. जवळ त्याची तरुण दुसरी बायको हॅना होती. त्याला तिथेच पुरलं; १९०६ मध्ये त्याचे अवशेष सन्मानानं फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये आणले गेले. त्याच्या जागी न्यायमूर्ती म्हणून नेमला गेला बुशरॉड वॉशिंग्टन, माजी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचा पुतण्या आणि विल्सनकडेच वकिली शिकलेला.

लोक म्हणतात, ज्यानं स्वतःचं कर्ज फेडलं नाही त्यानं जॉर्जियाला प्रामाणिकपणा काय शिकवावा? मला हा युक्तिवाद अजिबात मान्य नाही. न्यायासनावर बसून सट्टा खेळणं अक्षम्य होतं, त्यानं तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता. पण त्याचं आयुष्य त्याच्या निकालाविरुद्ध साक्ष देतच नाही. त्याच्यावर दावे लागले, त्याला पकडलं, कोठडीत टाकलं. न्यायमूर्ती असल्याची ढाल त्याला मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती. जॉर्जियाला मात्र ढाल मिळाली. एका कर्जदाराला खानावळीत मरेपर्यंत पिटाळायचं आणि दुसऱ्या कर्जदारासाठी राज्यघटना बदलायची, यातला अन्याय मला स्पष्ट दिसतो.

ती ढाल पुढे वाढतच गेली. १८९० मध्ये लुइझियानाच्याच एका नागरिकानं राज्याच्या कर्जरोख्यांवरचं बुडवलेलं व्याज मागितलं. दुरुस्तीचे शब्द दुसऱ्या राज्याच्या नागरिकांपुरते असूनही सर्वोच्च न्यायालयानं त्याला परत पाठवलं. १९९९ मध्ये मेन राज्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्यांनी ओव्हरटाइमचे पैसे राज्याच्याच न्यायालयात मागितले. संघराज्याचा वेतनाचा कायदा राज्याला लागू आहे, हे बहुमतातल्या न्यायमूर्तींनीही नाकारलं नाही. फक्त त्यासाठी कर्मचाऱ्याला राज्यावर दावा लावता येणार नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. विरोधात लिहिताना न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या विल्सनच्या मताचा आधार घेतला. ते चौघे बरोबर होते, असं माझं ठाम मत आहे.